पाटीवर नसलेला बर्गर

इन-एन-आउटच्या मेन्यूची पाटी वाचायला दहा सेकंद पुरतात. हॅम्बर्गर, चीजबर्गर, डबल-डबल, फ्राइज, शेक, थंड पेयं. संपलं. हॅरी आणि एस्थर स्नायडर या जोडप्याने १९४८ साली कॅलिफोर्नियातल्या बाल्डविन पार्कला ही बर्गरची चेन सुरू केली. दोन पॅटी आणि दोन चीजचे स्लाइस असलेला डबल-डबल १९६३मध्ये आला. त्यानंतर या पाटीत फारसं काही शिरलेलं नाही. पण रांगेत पाच मिनिटं कान देऊन उभं राहिलं, तर भलतेच शब्द ऐकू येतात : 'ॲनिमल स्टाइल', 'प्रोटीन स्टाइल', 'थ्री बाय थ्री', 'फ्राइज वेल डन'. यातलं काहीच पाटीवर नाही. तरी काउंटरवरचा कागदी टोपीतला पोरगा न अडखळता सगळं टिपून घेतो.

याला सगळे 'सीक्रेट मेन्यू' म्हणतात. माझा यातला रस थोडा वेगळा आहे. मी इथे कॅलिफोर्नियात सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून काम करतो, बीफ खात नाही, आणि या चेनमध्ये सगळे बर्गर बीफचे असतात. चिकन नाही, व्हेज पॅटी नाही. म्हणजे पाटीवर न लिहिलेला मेन्यू हाच माझा मेन्यू. त्यामुळे तो नीट वाचायला हवा, त्याची तारीफ करायला हवी, आणि तो कुठे कमी पडतो तेही सांगायला हवं.

आधी तारीफ. ॲनिमल स्टाइल म्हणजे मोहरीचा सॉस लावून भाजलेली पॅटी, लोणच्यातली काकडी, परतलेला कांदा आणि नेहमीचा गुलाबी सॉस जरा सढळ हाताने. कंपनी याची सुरुवात १९६१ सालची सांगते. प्रोटीन स्टाइल म्हणजे पाव नाही, त्याऐवजी लेट्यूसच्या पानांची गुंडाळी. थ्री बाय थ्री म्हणजे तीन पॅटी, तीन चीज. ग्रिल्ड चीज म्हणजे पॅटीच नाही. पावात वितळलेलं चीज, टोमॅटो, लेट्यूस, सॉस. मी ग्रिल्ड चीज ॲनिमल स्टाइल मागतो, आणि ते छान लागतं.

गंमत या नावांत नाही, नावांमागच्या नियमात आहे. 'थ्री बाय थ्री'मधला पहिला आकडा पॅटींचा, दुसरा चीजचा, हे एकदा कळलं की पुढची वाक्यं आपली आपण बनवता येतात. स्वयंपाकघरात जिन्नस मोजकेच, पण ते हवे तसे जोडायची मुभा. भाषेतही असंच असतं. शब्द थोडे असले तरी व्याकरण पक्कं असेल तर बोलणं अडत नाही. या व्याकरणाची परीक्षा २००४मध्ये लास वेगासला झाली. काही मित्रांनी 'हंड्रेड बाय हंड्रेड' मागवला, म्हणजे एका बर्गरात शंभर पॅटी आणि शंभर चीजचे स्लाइस, आणि तो मिळाला. त्यानंतर कंपनीने चारवर रेघ मारली. आता फोर बाय फोरच्या पुढे जाता येत नाही.

ही रेघच सांगते की इथे बंडखोरी वगैरे काही नाही. 'ॲनिमल स्टाइल' हा कंपनीचा नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे. गल्ल्याच्या मशीनला तो शब्द कळतो. कंपनीच्या वेबसाइटवर 'नॉट सो सीक्रेट' म्हणजे 'तितकासा गुप्त नसलेला' असं नाव देऊन या पदार्थांचं वेगळं पानच आहे. आमच्या धंद्यात अशा गोष्टीला लपवलेलं फीचर म्हणतात : कोड लिहिणाऱ्यानेच ठेवलेलं, बटण न दिलेलं, सापडलं की वापरणाऱ्याला आपण हुशार आहोत असं वाटायला लावणारं. ग्राहकाला वाटतं, आपण व्यवस्थेला चकवलं. व्यवस्थेने त्या चकवण्याची सोय आधीच करून ठेवलेली असते.

तरीही हा खेळ मला आवडतो. का, ते कळायला त्याच १९४८ सालात, त्याच दक्षिण कॅलिफोर्नियात, सॅन बर्नार्डिनोला जावं लागेल. तिथे मॅकडोनाल्ड भावांनी आपला मेन्यू छाटून नऊ पदार्थांवर आणला आणि प्रत्येक बर्गर एकसारखा केला : केचप, मोहरी, कांदा, काकडीच्या दोन चकत्या. एकाला कांदा नको म्हटलं की मागची अख्खी रांग थांबणार, हे त्यांचं गणित. फास्ट फूडचा वेग उभा राहिला तो 'तुमची आवड बाजूला ठेवा' या अटीवर. पुढे १९७४मध्ये बर्गर किंगने 'तुम्हाला हवा तसा घ्या' या अर्थाची जाहिरात गाजवली, ती याच अटीला डिवचण्यासाठी. इन-एन-आउटने त्या भांडणात न पडता मधली वाट काढली. पाटी छोटी ठेवली, म्हणजे वेग राहिला. बोलायला जागा ठेवली, म्हणजे माणूस राहिला.

बोलायची जागा न ठेवता हाच खेळ केला की काय होतं, ते २०२२च्या जानेवारीत दिसलं. अमेरिकेतल्या मॅकडोनाल्ड्सने ग्राहकांच्या जुगाडांना अधिकृत मेन्यूत घेतलं. त्यातला एक होता 'लँड, एअर अँड सी' : बिग मॅक, चिकन आणि मासा, तिन्ही एकात. पण हे तीन सँडविच तुमच्या हातात वेगवेगळे दिले जाणार. उघडायचे, एकावर एक रचायचे, सांडायचे, ते सगळं तुम्ही. लोकांनी हौसेने शोधलेली युक्ती कंपनीने त्यांनाच विकली आणि कामही त्यांच्यावर टाकलं. दुसऱ्या टोकाला कॉफीच्या दुकानांमधल्या त्या लांबलचक ऑर्डरी आहेत, दहा-बारा बदल सुचवणाऱ्या, कपावरचं लेबल हातभर लांब करणाऱ्या. तिथे ग्राहकाची हौस आणि राबणं पलीकडच्या माणसाचं. ऑफ-मेन्यू ऑर्डर चांगली की वाईट, हे ठरवताना मी एवढंच बघतो : वाढलेलं काम कोणाच्या हातावर पडतं? इन-एन-आउटमध्ये ते फारसं कोणावर पडत नाही, कारण सगळे जिन्नस तव्याशेजारी आधीच हजर असतात. या कसोटीवर ते उजवे ठरतात.

आता तक्रार. सीक्रेट मेन्यूतल्या सगळ्या गोष्टी एका जातीच्या नाहीत. ॲनिमल स्टाइल ही आवड आहे. फोर बाय फोर ही मस्ती आहे. ग्रिल्ड चीज मात्र अनेकांची गरज आहे. पाटीने या तिघांना एकाच गुपितात कोंबलं आहे. ज्याला ॲनिमल स्टाइल माहीत नाही, त्याचं काही बिघडत नाही. तो साधा चीजबर्गर खाऊन खूश होतो. पण नागपूरहून किंवा साताऱ्याहून मुलाकडे आलेली, बीफ न खाणारी आई ती पाटी वाचून काय समजेल? इथे आपल्यासाठी फ्राइज आहेत, बस. ती रांगेतल्या अनोळखी पोराला इंग्रजीत विचारायला जाणार नाही. गुपित ज्यांना ठाऊक असतं त्यांना ते आपलेपण देतं, आणि तो आपलेपणा बाहेर राहिलेल्यांच्या जिवावर उभा असतो. मौजेपुरतं ते ठीक. जेवणाच्या बाबतीत ठीक नाही.

यावर कोणी म्हणेल, स्क्रीन लावा, सगळे पर्याय दिसू द्या. मी पोटासाठी असल्याच स्क्रीन बनवतो, म्हणून सांगतो : स्क्रीनवर जे नाही ते जगातच नाही. तिथे 'कांदा जरा जास्त परता' असं सांगता येत नाही, कारण ते बटण कोणी बनवलेलं नसतं. तोंडी मेन्यू मारून मिळणारी स्पष्टता मला नको आहे.

उपाय आपल्याकडच्या गाड्यांवर कधीचाच सापडलेला आहे. मुंबईत पावभाजीच्या पाटीवर 'जैन पावभाजी' ठळक लिहिलेली असते. कांदा-लसूण न खाणाऱ्याला कोणाच्या कानाशी लागावं लागत नाही. त्याच गाडीवर 'बटर जास्त', 'तिखट कमी', 'पाव कडक भाजा' हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. ते आपण बोलतो आणि भाऊ तवा न थांबवता मान हलवतो. पुण्यात मिसळीबरोबर आणखी 'सॅम्पल' मागायचं असतं, वडापाववाल्याकडे 'चुरा टाका' म्हणायचं असतं, हेही आपण बोलता बोलताच शिकतो. कोणी ठरवून केलं नसेल, पण वाटणी बरोबर झाली आहे : गरज पाटीवर, आवड तोंडी.

इन-एन-आउटच्या पाटीवर अजून एका ओळीची जागा नक्की आहे. ग्रिल्ड चीज तिथे लिहावं. ॲनिमल स्टाइल खुशाल गुपित राहू द्यावं, ते मी मागून घेईन.