बोलकी इंजिने आणि ‘उपयोगी’ असण्याचा प्रश्न

जळकोटात रेल्वे नाही. आमच्या लहानपणी रेल्वे नुसती पाहायची तरी उदगीर गाठावे लागे. पहिल्यांदा बसलो ते आषाढीला, आजीबरोबर, लातूरहून पंढरपूरला जाणाऱ्या बार्शी लाईटमध्ये. डब्यात चढण्याआधी आजी इंजिनापाशी गेली आणि तिने त्याला हात जोडले, पोळ्याला बैलांपुढे जोडायची तसेच. ही आठवण या लेखात पुढे कामाला येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

लेखाचा विषय आहे प्रतिकृती-रेल्वेवर हौशी मंडळींनी रचलेल्या बोलक्या वाफेच्या इंजिनांच्या कथा. टेबलावर किंवा फरशीवर रूळ मांडायचे, लहान इंजिनांना चेहरे बसवायचे, कॅमेरा रुळाच्या पातळीवर ठेवून चित्रण करायचे आणि मागून गोष्ट सांगायची. असल्या पोरखेळावर दिवाळी अंकाची पाने कशाला, असे काही वाचकांना वाटेल. मलाही तसेच वाटत होते. पुण्यातल्या पुतण्याच्या मुलाने एका सुट्टीत मला या चित्रफिती दाखवल्या. सुरुवातीला मी त्याचे मन राखण्यासाठी पाहत होतो. पुढे वही घेऊन बसलो.

या कथांचे मूळ इंग्लंडात आहे. विल्बर्ट ऑड्री नावाच्या पाद्र्याचा मुलगा गोवराने अंथरुणाला खिळला होता. त्याच्या करमणुकीसाठी सांगितलेल्या गोष्टींतून १९४५ साली ‘द थ्री रेल्वे इंजिन्स’ हे पुस्तक निघाले. पुढच्या वर्षी थॉमस हे इंजिन आले आणि १९७२ पर्यंत ऑड्रींची अशी २६ पुस्तके झाली. सोडोर हे त्यांनी कल्पिलेले बेट. मात्र गोष्टीत घडते ते खऱ्या रेल्वेवर घडू शकेल असेच हवे, हा त्यांचा आग्रह होता. ते स्वतः प्रतिकृती-रेल्वे बांधत आणि प्रदर्शनांत मांडत. १९८४ साली दूरचित्रवाणीवर मालिका आली, तीही खऱ्याखुऱ्या लहान इंजिनांवर चित्रित केलेली. २००९च्या सुमारास मालिका संगणकचित्रांवर गेली. चाहत्यांनी मात्र रूळ आणि इंजिने सोडली नाहीत. मालिकेने टाकून दिलेली पद्धत त्यांनी घराघरांत चालू ठेवली.

ही पद्धत आपल्याला वाटते तितकी परकी नाही. इंजिनाचा चेहरा हलत नाही. ओठ मिटलेले असतात, फार तर डोळे फिरतात. राग दाखवायचा असेल तर एक मुखवटा काढून दुसरा लावतात. जुन्या मालिकेत सगळ्यांचे बोलणे एकच निवेदक बोलत असे आणि पुष्कळ चाहते आजही तसेच करतात. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी याहून वेगळे काय करतात? स्थिर चित्र समोर धरायचे आणि राम, रावण, हनुमान सगळ्यांची वाचा आपल्या गळ्यातून काढायची. चित्र हलत नसल्यामुळेच ऐकणाऱ्याचे मन हलते. चाहत्यांच्या चांगल्या कथांत हेच घडते. जिथे चेहऱ्याची फार हालचाल करून दाखवण्याचा अट्टहास असतो, तिथे कथा पातळ होते.

दुसरे नाते दिवाळीच्या किल्ल्याशी आहे. आपली मुले माती-दगडांचा किल्ला करतात, त्यावर अळीव पेरतात, मावळे मांडतात आणि मग तासन्‌तास त्या मावळ्यांची भांडणे-लढाया स्वतःशी बोलत बसतात. मावळा दरवाजापेक्षा उंच असला तरी कुणाचे अडत नाही. हाताने रचलेल्या जगात गोष्ट आपोआप उगवते. पुण्यात कर्वे रस्त्यावर १९९८ सालापासून जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय आहे. तिथल्या गाड्या, सिग्नल, दिवे पाहून मोठी माणसेही हरखतात. पण तिथली इंजिने पळतात, बोलत नाहीत. ती पाहून मुले घरी येतात आणि बोलण्याचे काम आपल्या अंगावर घेतात.

आता मुख्य मुद्दा. ऑड्रींच्या जगात इंजिनाची किंमत एका गोष्टीवर ठरते, ते उपयोगी आहे की नाही. सोडोरवरचे साहेब शाबासकी देतात ती त्याच मापाने. १९४५च्या पुस्तकात हेन्री नावाचे इंजिन पावसाने रंग खराब होईल म्हणून बोगद्याबाहेर यायचे नाकारते. साहेब रूळ उखडून बोगद्याचे तोंड विटांनी चिणून टाकतात. पुढे दुसरे इंजिन नादुरुस्त होऊन गाडी अडते, तेव्हा हेन्रीची गरज भासते आणि त्याला बाहेर काढले जाते. शिक्षा झाली ती काम नाकारल्याबद्दल, सुटका झाली ती काम पडल्यामुळे. लहान मुलांना ही गोष्ट शिस्तीची म्हणून सांगतात. मला ती भीतीदायक वाटली.

ऑड्रींनाही हा प्रश्न टळला नाही. ब्रिटिश रेल्वेवरची वाफेची नेहमीची वाहतूक ऑगस्ट १९६८ मध्ये संपली. त्याच वर्षीच्या ‘एंटरप्रायझिंग इंजिन्स’ या पुस्तकात ऑलिव्हर नावाचे इंजिन भंगारातून पळ काढते आणि सोडोरच्या डग्लस या इंजिनाच्या मदतीने वाचते. निरुपयोगी ठरलेल्याला जगण्याचा हक्क आहे का, हा प्रश्न तिथे उभा राहिला. पण ऑलिव्हरलाही शेवटी सोडोरवर कामच मिळाले. माप तेच राहिले.

चाहत्यांच्या उत्तम कथा इथून पुढे जातात. शेडच्या मागे वर्षानुवर्षे उभे असलेले इंजिन, सुटे भाग काढून काढून पोकळ झालेले इंजिन, नव्या डिझेलला आपला मार्ग शिकवून देणारे जुने इंजिन ही त्यांची आवडती पात्रे. यांतल्या निम्म्याअधिक कथा फसतात, हे खरे. काहींना टक्कर आणि स्फोटाची हौस असते. काही भंगाराचे दृश्य इतके भेसूर रंगवतात की भीतीपलीकडे हाती काही राहत नाही. पण जेव्हा एखादे इंजिन दुसऱ्याला विचारते की, काम नसताना आपण कोण, तेव्हा मूळ पुस्तकांनी न विचारलेला प्रश्न ती कथा विचारत असते.

हा प्रश्न मराठवाड्याला नवा नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्याला तूप-हळद लावायची, मळायची आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण द्यायचे. वर्षभर राबणाऱ्याशी माणूस त्या दिवशी बोलतो. बैल उत्तर देत नाही. आणि तोच बैल थकला, सालभर पाऊस नाही झाला, की बाजाराची वाट धरतो. त्याला नेणाऱ्याच्या घरी त्या दिवशी कुणी नीट जेवत नाही, हे मी पाहिले आहे. इंजिनाला वाचा देणारी कथा मला खांदेमळणीच्या पुढची पायरी वाटते. तिथे राबणारा उत्तर देतो.

मराठीत ही कथा सांगायची तर भाषेचीही गंमत आहे. इंग्रजीत ऑड्रींची इंजिने बहुतेक पुरुष आणि थॉमसचे डबे बायका. मराठीत गाडी ती, डबा तो, पण इंजिन ते. नपुंसकलिंग म्हणजे निर्जीव असे मात्र नाही. आपण मुलालाही ‘ते मूल’, ‘ते लेकरू’ म्हणतो. शिवाय इंग्रजीतला एकच शब्द सगळ्यांना पुरतो, तर आपल्याला तू की तुम्ही हे ठरवावे लागते. लहान इंजिन थोरल्याला अहो-जाहो करील काय? मी पोराला विचारले, तेव्हा तो म्हणाला, “आबा, मोठा आहे तो ‘तो’, आणि छोटं आहे ते ‘ते’. छोटं मोठ्याला तुम्ही म्हणतं.” त्याने नाती आधी ठरवली, व्याकरण मागून आले.

मग आपल्या इंजिनांची गोष्ट कुठे आहे? बार्शी लाईट एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअरने १८९७ साली सुरू केली. बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी असा पहिला टप्पा. १९११ साली ती लातूरला आली, १९२७ साली मिरजेला पोहोचली. एकूण लांबी सुमारे ३२५ किलोमीटर, रुळांतले अंतर अडीच फूट. कॅल्थ्रॉपचा नियम असा, की चाकांच्या कोणत्याही जोडीवर पाच टनांहून जास्त भार पडता कामा नये. त्यामुळे हलक्या रुळांवरून भरपूर माल जाई. लीड्सच्या किट्सन कारखान्याची पहिली इंजिने एकमेकांना जोडलेल्या आठ चाकांवर चालत. ओझे सगळ्यांत सारखे वाटून घेणारी आठ चाके! ऑड्रींच्या आग्रहाप्रमाणे खऱ्या यंत्रातून निघालेली गोष्ट हवी असेल, तर ती इथे तयार आहे.

याच कॅल्थ्रॉपने पुढे इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड नावाची अडीच फुटीच लाईन बांधली. १९०४ ला सुरू झाली, १९३४ ला बंद पडली. अवघी तीस वर्षे चालली, तरी तिच्या प्रतिकृती हौशी लोक आजही हौसेने करतात. बार्शी लाईट शंभरावर वर्षे चालली. २००८ पर्यंत लातूरकडची बाजू ब्रॉडगेज झाली. ते आवश्यकच होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण तिच्या इंजिनांना वाचा देणारी गोष्ट आपण रचली नाही. सामान दुर्मीळ आहे असेही नाही. १:८७ या प्रचलित प्रमाणात अडीच फूट म्हणजे जवळजवळ नऊ मिलिमीटर, आणि नऊ मिलिमीटरचे रूळ बाजारात तयार मिळतात.

अशी गोष्ट कुणी रचलीच, तर चाहत्यांच्या कथांतला एक मोठा दोष तिने टाळावा. त्या कथांत माणसे जवळजवळ नसतात. प्रतिकृतीतला माणूस ताठ, निर्जीव दिसतो, म्हणून त्याला वगळतात. मग कोळसा टाकणारा फायरमन नाही, सांधे बदलणारा नाही, खडी बसवणाऱ्या बाया नाहीत. इंजिनाला वाचा मिळते आणि त्याच्यासाठी राबणारे मुके होतात. ऑड्रींनी निदान ड्रायव्हर आणि फायरमन ठेवले होते.

गेल्या दिवाळीत पोराने किल्ल्याच्या पायथ्याशी रूळ टाकले आणि एका इंजिनाचे नाव ‘बार्शी’ ठेवले. लातूरची खरी इंजिने कुठे गेली, असे त्याने विचारले. बहुतेक भंगारात गेली, असे मी सांगितले. तो थोडा वेळ गप्प बसला. मग मी त्याला वरचा दोष सांगितला, तुझ्या गोष्टीत कोळसा कोण टाकतो, असे विचारले. त्याने किल्ल्यावरचा एक मावळा उचलला आणि इंजिनाशेजारी उभा केला. मावळा इंजिनाहून चांगला वीतभर उंच होता.

“हा टाकतो,” तो म्हणाला, आणि गोष्ट पहिल्यापासून पुन्हा सांगायला लागला.