‘जाऊन येते’ म्हणणारी माणसं

मागच्या वेळी आपण ‘युअर नेम’पाशी थांबलो होतो. २०१६ चा सिनेमा. धूमकेतूचा तुकडा पडून इतोमोरी गाव नष्ट होतं, आणि मग काळच मागे फिरवून गावकऱ्यांना वाचवलं जातं. जपानमधल्या ११ मार्च २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर पाचच वर्षांनी आलेली ही सुटका. लोकांना ती हवीहवीशी वाटली यात नवल नाही, पण आम्हाला ती जरा स्वस्तातली वाटते. गेलेली माणसं अशी परत येतात का हो?

माकोतो शिनकाईच्याच ‘सुझुमे’त (२०२२) ती येत नाहीत. सुझुमेची आई नर्स, त्सुनामीत गेलेली. लहानग्या सुझुमेच्या वहीत ११ मार्चची तारीख, आणि खाली काळ्या रंगाने गच्च भरलेलं पान. शेवटाकडे, जळत्या गावाच्या मधोमध, त्या सकाळचे आवाज ऐकू येतात. घराबाहेर पडणारी माणसं म्हणतायत, ‘इत्तेकिमास’. शब्दशः ‘जाऊन येते’. आपल्याकडे तरी दारातून निघताना कोण ‘जाते’ म्हणतं? रोजच्या त्या एका शब्दापुढे बाकीची सगळी चित्रकरामत फिकी पडते.

तक्रार आहेच. भूकंपाला इथे अजस्र गांडुळाचं रूप दिलंय, आणि वेळेवर दार लावलं की तो टळतो. खरी जमीन असं कुणाचं ऐकत नाही. पण आईला शोधणाऱ्या त्या पोरीला भेटायला आई येत नाही. सतरा वर्षांची सुझुमेच येते, आणि आईने बनवलेली, एक पाय तुटलेली खुर्ची तिच्या हातात देते.