डेव्हिड ससून ग्रंथालय : दगडापेक्षा छप्पर

मुंबईत काळा घोडा येथील डेव्हिड ससून ग्रंथालयावर जे लिहिले जाते ते बहुतेक दर्शनी बाजूचे. टोकदार कमानी, मालाडचा पिवळसर दगड, दारावरचा ससूनचा पांढरा अर्धपुतळा. सारे देखणे आहे, यात वाद नाही. पण मी सारोळ्याचा. आमच्या भोर तालुक्यात जुने घर पाहायला आलेला माणूस आधी मान वर करून आढे पाहतो आणि कौले केव्हा चाळली ते विचारतो. त्याच सवयीने मी ही वास्तू पाहिली.

संस्था इमारतीहून जुनी. टांकसाळ व सरकारी गोदीतल्या तरुण यंत्रकारागिरांनी १८४७ मध्ये ती सुरू केली. इमारत १८७० मध्ये पुरी झाली. खर्च सव्वा लाख, त्यातले ६०,००० रुपये ससूनचे, उरलेले सरकारचे.

मूळ छप्पर उतरते होते. पुढे त्या जागी काँक्रीटचा स्लॅब आला. स्लॅब टाकला की कायमची निश्चिंती, हा समज तेव्हा सर्वत्रच होता. आमच्याकडचे वाडेही याच भरवशावर उतरवले गेले. पण सपाट स्लॅबवर पाणी रेंगाळते, खाऱ्या हवेत आतली सळई गंजून फुगते, काँक्रीट तडकते आणि ओल भिंतीत उतरते. दगड ते सोसतो. पुस्तक सोसत नाही.

वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांच्या हाताखाली झालेल्या जीर्णोद्धारात हा स्लॅब काढून पुन्हा उतरते छप्पर घातले गेले, आणि २०२३ मध्ये वास्तू वाचकांना खुली झाली. साऱ्या कामात मला हाच निर्णय सर्वांत मोठा वाटतो. रस्त्यावरून काढलेल्या छायाचित्रात तो फारसा दिसत नाही, म्हणून त्याला दादही कमी.

माझी शंका पुढची आहे. उतरते छप्पर दरवर्षी माणूस मागते. पन्हळीतला पाला काढायचा, सांधे तपासायचे, तेही मृगाच्या आधी. जीर्णोद्धाराला देणगीदार मिळतात, त्यांच्या नावाची पाटीही लागते. पन्हळ उपसायला कोण देणगी देतो? वर्गणीवर चालणाऱ्या जुन्या ग्रंथालयांची खरी कोंडी इथेच आहे. त्यात इथली पहिल्या मजल्यावरची गॅलरी उघडी, लांब खुर्च्यांत सभासद वाचता वाचता डुलक्या घेतात. ती काचांनी बंद करावी असे मी म्हणणार नाही, वारा हवाच. मग त्याबरोबर येणारी धूळ आणि ओलही रोजची धरावी लागेल. अशा प्रत्येक संस्थेने वार्षिक अहवालात नव्या पुस्तकांच्या आकड्याशेजारी पन्हळी केव्हा उपसल्या ती तारीखही छापावी, एवढे माझे म्हणणे आहे.