सुशेगाद : चित्रातला आणि किनाऱ्यावरचा

गोव्याची सहल करून परतलेल्या आमच्या गोंदिया जिल्ह्यातील कुटुंबांत मारिओ मिरांडा (१९२६–२०११) यांचे चित्र असलेली एखादी फरशी वा पेला अधूनमधून दृष्टीस पडतो. तो दाखवताना ‘तिकडची माणसे कशी सुशेगाद!’ असा उद्गार निघतो. त्यात कौतुक असते, तशी किंचित हेटाळणीही. ही हेटाळणी आम्हांस अन्यायाची वाटते.

‘सुशेगाद’ हा शब्द पोर्तुगीज ‘सोसेगादो’वरून आला. त्याचा अर्थ शांत, निवांत, आळशी नव्हे. मारिओंच्या चित्रांत रिकामटेकडा माणूस शोधावाच लागतो. पाटी घेतलेली मासळीवाली, बाजारातील घासाघीस, गुत्त्यातील गप्पा, आणि हो, आमच्यासारखे पाद्रीही! सारी चौकट माणसांनी गजबजलेली. निवांतपणा म्हणजे एकमेकांसाठी राखलेली सवड, हे या रेषेने अचूक टिपले आहे.

उणीव एकच. हसवणारी रेषा कष्टांचा भार हलका करून दाखवते. १९७० च्या दशकात यांत्रिक ट्रॉलरांमुळे किनाऱ्यावरची मासळी घटू लागली, तेव्हा रापण ओढणाऱ्या मच्छीमारांना लढा उभारावा लागला. माथानी साल्ढाणा त्यांचे एक नेते होते. तो लढा पेल्यावर उमटत नाही.

आम्हांला समुद्र नाही; नवेगाव बांधचे तळे आहे. पहाटे जाळे टाकून आलेला तेथील ढिवर दुपारी सावलीत पडला, तर आपण त्याला आळशी म्हणतो आणि स्वतःच्या सहलीला विश्रांती. वाचकहो, ते चित्र पुन्हा पाहावे. या वेळी मासळीवालीच्या डोक्यावरील पाटीपासून आरंभ करावा.