निर्दोष स्फटिक आणि चेनसारखी उघडणारी भिंत

माझ्या कॉम्प्युटरमधला स्फटिक कायम निर्दोष असतो. ४८ अणूंचा डबा घ्यायचा, तोच सगळ्या दिशांना अनंत वेळा मांडायचा, झालं! या सवयीला धक्का देणारा पेपर आज घेऊ. फेई-टिंग हुआंग, सांग-वूक चेऑंग आणि सहकाऱ्यांचा, 'नेचर कम्युनिकेशन्स', २०१६.

पदार्थ म्हणजे कॅल्शियम, टायटॅनियम, ऑक्सिजन यांचा ३:२:७ प्रमाणातला थरांचा पेरोव्हस्काईट. त्यात टायटॅनियमभोवती ऑक्सिजनचे अष्टफलक असतात. ते कलतात आणि स्वतःभोवती फिरतातही. यातल्या एकट्याने विद्युत ध्रुवीकरण मिळत नाही, दोन्ही मिळून मिळतं. याच्या मँगनीजवाल्या भावंडासाठी बेनेडेक आणि फेनी यांनी २०११ मध्ये हे गणिताने मांडलं होतं. ध्रुवीकरण हा जणू दोघांचा गुणाकार. एकाचं चिन्ह बदला, ध्रुवीकरण उलटं. दोघांचं बदला, तर उणे गुणिले उणे अधिक! ध्रुवीकरण तेच, रचना मात्र सरकलेली.

पेपरची ताकद इथेच आहे. ध्रुवीकरणाच्या ४ दिशा, प्रत्येकीच्या २ रचना, म्हणजे ८ प्रकारचे डोमेन. ध्रुवीकरण तेच पण रचना वेगळी, अशा दोन डोमेनमधली भिंत विद्युत मापनात दिसणं कठीणच. ती त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात पकडली. गंमत म्हणजे, ध्रुवीकरण उलटताना हीच भिंत चेनसारखी उघडते. एकीच्या दोन होतात: एक कलणं उलटवते, दुसरी फिरणं. मधल्या भागात ध्रुवीकरण उलटं. मग हिला 'दोष' म्हणायचं तरी कसं? काम तर तीच करते.

तक्रार आहे ती 'टोपॉलॉजी' या शब्दाबद्दल. विद्युतभारित भिंती ऊर्जेच्या दृष्टीने महाग, तरी २०१५ मध्ये चेऑंग यांच्या गटाला त्या या स्फटिकांत मुबलक सापडल्या. त्याचं बरंचसं श्रेय इथे टोपॉलॉजीला जातं. पण टोपॉलॉजी सांगते की कोणत्या भिंती एका बिंदूत भेटू शकतात. त्या किती उरतील, हे त्यांच्या ऊर्जेवर आणि स्फटिक कसा थंड झाला यावर ठरतं. नुसता सारांश वाचणाऱ्याच्या हातून हा फरक निसटतो.

तरी मला हा पेपर टोचतो तो दुसऱ्याच कारणासाठी. अख्खा स्फटिक एका दमात उलटवून आम्ही अडथळ्याची ऊर्जा काढतो. मीही काढली आहे, आणि प्रेझेंटेशनमध्ये प्रयोगाशेजारी मांडलीही आहे. खरा स्फटिक त्या वाटेने जातच नसेल, तर ती तुलना कशाची?

आता भिंतीसकट डबा मांडायचा. अणू कित्येक पट वाढतील. चालू दे गणित आठवडाभर.