मक्याची आहे, पण बर्बन नव्हे

मंडळाच्या अंकात दारूवर लेख? संपादिकाबाईंनी आधी भुवया उंचावल्या, मग म्हणाल्या, "लिहा, पण शेजारच्या पानावर उकडीच्या मोदकांची कृती आहे, तेवढं भान ठेवा." तेव्हा भान ठेवूनच लिहितो.

२००४ साली एम.एस. करायला इथे आलो, तेव्हा माझं व्हिस्कीचं ज्ञान बाबांच्या कपाटाएवढं होतं. म्हणजे दुबईहून कुणीतरी आणलेली एक स्कॉच, तीही न उघडलेली! पुढे कन्सल्टिंगच्या नोकरीत वर्षभर सोमवार ते गुरुवार लुईव्हिलला जावं लागलं. केंटकीत राहून बर्बन न पिणं म्हणजे नागपुरात राहून संत्रं न खाणं. तिथे बर्बनबरोबर तिची भाषाही शिकलो. कॅरमेल, व्हॅनिला, चामडं, तंबाखूचं पान. खरं सांगू? चामड्याचा वास मला एकदाही आला नाही. पण टेबलावरचे सगळे मान डोलवत होते, मीही डोलवली. अशी वीस वर्षं गेली.

मागच्या उन्हाळ्यात आईबाबा आले होते. बाबांसाठी स्कॉच घ्यायला गेलो आणि स्वतःसाठी खालच्या फळीवरची एक बाटली उचलली. मेलो कॉर्न, हेवन हिल या केंटकीच्याच कंपनीची. वीस डॉलरच्या आत. लेबल पिवळंधमक. बाबा म्हणाले, "हे काय फटाक्यांच्या पेटीवरून काढलंय?"

इथे थोडा कायदा सांगावा लागेल, कारण अमेरिकन व्हिस्कीची निम्मी चव कायद्यातून येते. बर्बनमध्ये धान्यापैकी किमान ५१ टक्के मका हवा, आणि ती नव्या कोऱ्या, आतून जाळून काळ्या केलेल्या ओकच्या पिंपात मुरायला हवी. मक्याऐवजी ५१ टक्के राय असेल तर ती राय व्हिस्की. पण मका ८० टक्के किंवा जास्त असेल, तर 'कॉर्न व्हिस्की' नावाचा वेगळाच वर्ग लागू शकतो. ती मुरवलीच पाहिजे असं नाही, आणि मुरवायची तर वापरलेल्या किंवा न जाळलेल्या पिंपात.

हा पिंपाचा फरक वाटतो त्यापेक्षा फार मोठा आहे. नवा माठ आणला की पहिले काही दिवस पाण्याला मातीचीच चव येते. माठ जुना झाला की पाणी पाण्यासारखं लागतं. नव्या पिंपाचं तसंच. ती सगळी कॅरमेल आणि व्हॅनिला जळलेल्या लाकडाची देणगी. बर्बन पिताना आपण बरंचसं पिंपच पीत असतो.

म्हणून बर्बन आणि रायच्या बाहेर काहीतरी प्यावं म्हणून टेनेसी व्हिस्की घेतली, तर फारसं बाहेर पडल्यासारखं वाटत नाही. जॅक डॅनियल्स मेपलच्या कोळशातून गाळतात हे खरं, पण पिंप नवंच. हेवन हिलची बर्नहाइम ही गव्हाची व्हिस्की मऊ आणि छान आहे, पण पिंप पुन्हा नवंच. अमेरिकन सिंगल माल्टला जानेवारी २०२५ पासून सरकारी व्याख्या मिळाली, पण त्यात नवं-जुनं दोन्ही पिंप चालतं, त्यामुळे नुसत्या नावावरून चवीचा अंदाज येत नाही. धान्य ऐकू येतं ते या पिवळ्या लेबलात.

आता चव. मी बाबांना काही न सांगता त्यांच्या ग्लासात बोटभर ओतली. त्यांनी नाकाशी नेली, थांबले, पुन्हा नेली. "कणीस," म्हणाले. "भाजलेलं नव्हे. उकडून काढल्यावर मागे पातेल्याला येतो ना, तो वास." मग जरा वेळाने, "आणि काळं पडायला लागलेलं केळं." वीस वर्षं चामडं शोधणारा मी गप्प बसलो. दोन्ही होतं! त्याखाली सुक्या पेंढ्याचा आणि लोणी घातलेल्या पॉपकॉर्नचा वासही होता, पण तो मला त्यांच्यानंतर आला.

तोंडात ती गोड आणि किंचित तेलकट लागते. व्हॅनिला आहे, पण पाहुण्यासारखी, दारातच उभी. मग जोरात तिखट. कारण ही 'बॉटल्ड इन बॉण्ड' आहे. १८९७ चा भेसळीविरुद्धचा कायदा आहे तो: एकाच भट्टीची, एकाच हंगामातली, सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान चार वर्षं राहिलेली आणि नेमकी ५० टक्के अल्कोहोलची. "म्हणजे आयएसआय मार्क," बाबा म्हणाले. अगदी तसंच.

दोषही सांगतो. शेवट आखूड आहे. घोट गिळला की कणीस लगेच नाहीसं होतं आणि एक कच्ची धग मागे राहते. खोली नाही. पहिल्या ग्लासात जे सांगायचं ते सांगून होतं, दुसऱ्यात तेच पुन्हा. बर्फात तर पार पडते. चमचाभर साधं पाणी घातलं की मात्र केळं मागे सरतं आणि मका स्वच्छ येतो. चिवडा नको, तिखटावर तिखट होतं. भाजलेले शेंगदाणे उत्तम.

"पण वापरलेलं पिंप म्हणजे सेकंडहँडच की," बाबांची एक शंका उरली होती. मी त्यांच्या स्कॉचकडे बोट दाखवलं. बर्बनचं पिंप बर्बनसाठी पुन्हा वापरता येत नाही, म्हणून ती पिंपं जहाजाने स्कॉटलंडला जातात आणि बहुतेक स्कॉच त्यांतच मुरते. बाबांनी चष्मा लावून स्कॉचचं लेबल पुढून-मागून वाचलं. त्यावर तसं काही लिहिलेलं नव्हतं. "चाळीस वर्षं कुणी बोललं नाही," एवढंच म्हणाले.

परतीच्या बॅगा भरताना मी विचारलं, "बाबा, कोणती ठेवू?"

"स्कॉच ठेव. लोकांना दाखवायला लागते," ते म्हणाले, आणि पिवळी बाटली उजेडात धरून किती उरली आहे ते पाहिलं. "ही आज रात्री संपवू."