लिस्बन येथील जेरोनिमुश मठांतील तीन थडगीं

पोर्तुगीज सत्तेशीं आपल्या पश्चिम किनाऱ्याचा संबंध साडेचारशें वर्षांचा. त्यामुळें लिस्बन शहरीं जाणारा आपल्याकडील अभ्यासक बेलें भागांतील जेरोनिमुश मठ पाहिल्यावांचून सहसा परतत नाहीं. बहुतेकांचें लक्ष तेथील नक्षीकामांत गुंततें, व तें योग्यच आहे. परंतु संशोधकानें जुन्या कागदाप्रमाणें या वास्तूचीही परीक्षा केली पाहिजे. त्या दृष्टीनें मठाच्या देवालयांतील तीन थडगीं विशेष विचारार्ह आहेत.

प्रथम वास्तूविषयीं थोडेंसें. राजा पहिला मानुएल यानें संत जेरोमच्या पंथांतील यतींसाठीं हा मठ बांधविला. काम इ. स. १५०१ च्या सुमारास सुरू झालें. आरंभीचा स्थपति बोइताका, व त्याच्यामागून जुआंव द काश्तील्यु. खर्चासाठीं आफ्रिका व पूर्वेकडील व्यापारावर शेंकडा ५ कर लाविला होता. म्हणजे या दगडांच्या किंमतींत आपल्याकडील पेठांचाही वांटा आहे. गाभाऱ्यांत राजांचीं थडगीं संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेविलेलीं आहेत, तीं या संबंधाची साक्षच होत. १७५५ च्या भूकंपांतून मठ बव्हंशीं बचावला. १८३३ सालीं यतींचा तेथील वास संपला व इमारत अनाथ मुलांच्या संस्थेकडे गेली. पुढें जीर्णोद्धार चालू असतां १८७८ सालीं नवा मधला मनोरा कोसळला. पश्चिमेकडील लांब इमारतीचें आजचें रूप बऱ्याच अंशीं त्या एकोणिसाव्या शतकांतील आहे. तें सर्व मानुएलच्या काळचें समजणारा फसेल.

आतां थडग्यांकडे वळूं. पश्चिमेच्या द्वारानें आंत शिरतांच दोन बाजूंस दोन थडगीं दिसतात: एक वास्को द गामाचें, दुसरें कवि लुईश द कामोंइश याचें. दोन्हीं कोश्ता मोता या शिल्पकाराचीं, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतील. घडण जुन्या धर्तीची असल्यामुळें प्रेक्षकास तीं सोळाव्या शतकांतील वाटतात, व त्यांतील अस्थींविषयीं शंका मनांत येत नाहीं.

वस्तुस्थिति निराळी आहे. गामा १५२४ च्या डिसेंबरांत कोचीन येथें वारला व तेथेंच पुरला गेला. १५३९ सालीं त्याच्या अस्थि पोर्तुगालांत विदिगेइरा येथें नेल्या. कामोंइशच्या मृत्यूस तीनशें वर्षें झाल्याचा उत्सव १८८० सालीं झाला, तेव्हां दोघांच्याही अस्थि समारंभपूर्वक या मठांत आणण्यांत आल्या. पुढें तैशैरा द आरागांव या इतिहासज्ञानें दाखवून दिलें कीं, विदिगेइराहून आणलेल्या अस्थि गामाच्या नव्हेतच. अखेर १८९८ सालीं, हिंदुस्थानच्या जलमार्गाच्या चतुःशताब्दीच्या वेळीं, दुसऱ्या अस्थि आणून ती चूक सुधारण्यांत आली. म्हणजे अठरा वर्षें राष्ट्रानें भलत्याच अस्थींस मान दिला! कामोंइशची गोष्ट तर याहून अवघड. तो १५८० सालीं वारला. ज्या देवालयांत त्यास पुरलें त्याचा भूकंपांत विध्वंस झाला. त्यानंतर शतकभरानें शोधून काढलेल्या अस्थि त्याच्याच, हें सिद्ध झालेलें नाहीं. त्या थडग्यास स्मारक म्हणावें. समाधि म्हणण्यास आधार नाहीं.

तिसरें थडगें राजा सेबास्तिआंव याचें. हा तरुण राजा १५७८ च्या आगस्टांत मोरोक्कोंतील अल्कासर किबीरच्या लढाईंत पडला. प्रेत त्याचेंच कीं काय, याविषयीं लोकांत संशय राहिला. तो परत येईल अशी आशा पिढ्यान्‌पिढ्या टिकली, व त्याचें नांव घेणारे तोतयेही निघाले. तोतयांचीं प्रकरणें आपल्या इतिहासास नवीं नाहींत. पानिपतानंतरचा भाऊसाहेबांचा तोतया वाचकांस आठवेलच. सेबास्तिआंवच्या मागून पोर्तुगालचें राज्य स्पेनच्या दुसऱ्या फिलिपकडे गेलें होतें. सेबास्तिआंव मेला हें लोकांस पटण्यांत त्याचा उघड स्वार्थ होता. त्यानेंच १५८२ सालीं प्रेत बेलें येथें आणविलें. असें असूनही थडग्यावरील लॅटिन लेखांत राजा येथें आहे हें विधान सरळ केलेलें नाहीं. लोकवार्ता खरी असल्यास, अशी अट त्यास जोडलेली आहे.

आमच्या मतें या देवालयांतील ऐतिहासिकदृष्ट्या सर्वांत मोलाचा लेख हाच. लेख दगडांत कोरला म्हणजे तो निर्विवाद झाला, असें आपण सहज धरून चालतों; येथें दगडानेंच आपली शंका नमूद केली आहे. जेथें खात्री दाखविण्यांत राजाचा लाभ होता तेथें लेख संशय सांगतो, आणि जेथें संशय सांगणें प्राप्त होतें तेथें शिल्प गप्प बसतें. यावर कोणी म्हणेल कीं, भक्तीस अस्थींची जरूरी नसते. खरें आहे, पण १८८० सालीं मिरवणूक निघाली ती अस्थींची. खुद्द उत्सव करणाऱ्यांनींच पुराव्याचा प्रश्न उपस्थित केला होता, तेव्हां त्याची छाननीही आधीं त्यांनींच करावयास हवी होती.

आपल्या पोथ्यांचे लेखक अखेरीस लिहीत कीं, जशी प्रत पाहिली तशी उतरली, दोष आम्हांस देऊं नये. बेलेंच्या त्या लेखाची जात हीच. एकाच पुरुषाच्या दोन ठिकाणीं दाखविल्या जाणाऱ्या समाध्या, अमुकाची म्हणून जपलेली तलवार, तमुकाच्या हातचें म्हणून विकत घेतलेलें पत्र, हीं आपल्या संग्रहांत थोडीं नाहींत. त्यांची नोंद करतांना ‘म्हणतात’ हा शब्द जो गाळील, तो पुढच्या संशोधकाचा मार्ग बंद करील. विदिगेइराच्या अस्थींची चूक उघडकीस आली ती कागद शिल्लक होते म्हणून; नोंदींतील शंकाच पुसली, तर पुढें ती तपासण्याचें कोणास सुचणारही नाहीं.